घामाचे दाम, शेतातले आणि घरातले: स्वतंत्रतावादी चळवळीतल्या महिला आघाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतंत्रतावादी चळवळीत बायका पुढे कशा आल्या, त्यांना कोणी हात दिला, असा विषय निघाला की बोलणं लगेच अमेरिकेकडे वळतं. खरं तर या चळवळीतली बायकांची फार मोठी जमवाजमव नाशिक जिल्ह्यात, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या चांदवडला झाली. म्हणून इथली बहुतेक उत्तरं शेतकरी संघटनेच्या शेतकरी महिला आघाडीबद्दल आहेत. अमेरिकेचं शेवटी येतं.

स्वतंत्रतावाद म्हणजे नेमकं काय? उदारमतवादाहून तो वेगळा आहे का?

मुळं एकच आहेत. माणसाचं शरीर, त्याचे श्रम, त्याची मालमत्ता आणि त्याचा सौदा यांत सरकारनं शक्य तितका कमी हात घालावा, हा त्याचा गाभा. उदारमतवादी माणूस कल्याणकारी सरकारला बऱ्यापैकी जागा देतो, स्वतंत्रतावादी ती जागा आखडून घेतो. इंग्रजीतल्या 'लिबर्टेरियन'साठी मराठीत हा शब्द चालतो.

शेतकरी संघटना तर कांद्याच्या भावासाठी लढली. ती स्वतंत्रतावादी कशी?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे. रास्ता रोको करणारी, लाल बिल्ला लावणारी संघटना पाहिली की माणूस तिला डाव्यांच्या खात्यात टाकून मोकळा होतो.

संघटनेचे संस्थापक शरद जोशी मूळचे साताऱ्याचे. भारतीय टपाल सेवेत होते, मग स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जागतिक टपाल संघटनेत. ती नोकरी सोडून ते परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. जमाखर्च मांडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की शेती तोट्यात जाते ती शेतकरी आळशी किंवा अडाणी आहे म्हणून नव्हे. भाव वाढले की निर्यातबंदी, पिकलं की लेव्ही म्हणजे सरकारी भावानं सक्तीची खरेदी, उसाला झोनबंदी म्हणजे ठरलेल्याच कारखान्याला घालायची सक्ती, कापसाला सरकारची एकाधिकार खरेदी. सरकारच भाव पाडतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. याला ते उणे सबसिडी म्हणत. 'भीक नको, हवे घामाचे दाम' या घोषणेतला 'भीक नको' हा भाग लोक विसरतात. संघटना अनुदान मागत नव्हती, सरकारनं हात काढावा एवढंच म्हणत होती. पुढे जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावावरून देशभर शेतकरी नेते ओरडत होते, तेव्हा जोशींनी खुल्या व्यापाराची बाजू घेतली. १९९४ साली त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजाजी, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांच्या १९५९च्या स्वतंत्र पक्षाशी नाव जुळतं, आणि ते योगायोगानं नव्हे.

मग यात बायका कुठून आल्या?

आंदोलनातून. १९८०च्या कांदा-ऊस आंदोलनापासून बायका रस्त्यावर बसत होत्या. निंदणी-खुरपणी त्यांची, कांदा काढणं-कापणं त्यांचं, तेव्हा कांद्याच्या भावाशी त्यांचा संबंध नवऱ्याइतकाच होता. पण सभेत भाषण पुरुषाचं आणि बाई गर्दीला.

संघटनेतच मग एक अवघड प्रश्न उभा राहिला. आपण सरकारला विचारतो की आमच्या घामाचे दाम कुठे आहेत. घरातल्या बाईनं तोच प्रश्न आपल्याला विचारला तर? ती पहाटे उठून पाणी भरते, भाकरी थापते, शेतावर जाते, परत येऊन चूल पेटवते. तिच्या नावावर काय आहे? जोशींनी हा प्रश्न टाळला नाही. सभेत पुरुषांच्या तोंडावर तो विचारला, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली ही सर्वांत धाडसाची गोष्ट होती. व्यवस्थेला लुटारू म्हटलं की टाळ्या पडतात. समोर बसलेल्यांना लुटारू म्हणायला वेगळंच काळीज लागतं.

चांदवडला काय झालं?

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. चांदवड म्हणजे रेणुकामातेचं देऊळ आणि होळकरांचा रंगमहाल असलेलं जुनं गाव. तिथे लाखावर बायका जमल्या. आकडा कोण सांगतो त्याप्रमाणे कमीजास्त होतो, पण ग्रामीण बायकांचा एवढा जमाव त्याआधी राज्यानं पाहिला नव्हता, यावर विरोधकांचंही दुमत नव्हतं.

या बायका शहरी स्त्री-चळवळीतल्या नव्हत्या. कितीतरी जणी देवदर्शन किंवा माहेर सोडून पहिल्यांदाच मुक्कामी बाहेर पडल्या होत्या. शिदोरी बांधून आल्या आणि परत जाताना वेगळी शिदोरी घेऊन गेल्या, असं तेव्हाचे लोक सांगतात. शेतकरी महिला आघाडीला खरा आकार आला तो इथे. बायकांच्या कामाची दखल, हिंसेपासून सुरक्षितता, मालमत्तेत हिस्सा आणि गावच्या कारभारात थेट शिरकाव हे विषय इथून पुढे आघाडीचे झाले.

स्त्रियांच्या प्रश्नावर जोशींची मांडणी काय होती? ती इतरांहून वेगळी का मानतात?

मार्क्सवादी सांगतात की खासगी मालमत्ता आली आणि बाई गुलाम झाली. काही स्त्रीवादी सांगतात की पुरुषाची सत्ताच सगळ्याच्या मुळाशी आहे. जोशींनी तिसरी वाट धरली. शेतीत पोटापुरतं होऊन वर उरू लागलं, त्या वरकडावर लुटारूंच्या टोळ्या तुटून पडू लागल्या, मग लढणारे हात हवेत म्हणून मुलगे हवेत आणि मुलगे हवेत म्हणून बाई घरात कोंडली गेली. बाईवरची बंधनं आणि शेतकऱ्याची लूट यांचा उगम त्यांच्या मते एकाच ठिकाणी होता.

इतिहास म्हणून ही मांडणी तंतोतंत पटते का? मला पुरती नाही पटत. पुरावा विरळ आहे आणि सगळंच लुटीच्या एका खुंटीला टांगलं जातं. पण चळवळीसाठी तिचा उपयोग मोठा झाला. बाईला नवऱ्याविरुद्ध उभं न करता तिच्या दुःखाला नाव मिळालं, आणि नवऱ्यालाही मान खाली न घालता ते ऐकता आलं. ज्या घरातून बाईला बाहेर पडायचं होतं, त्याच घरात रात्री परतायचंही होतं. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय चांदवडची गर्दी कळत नाही.

लक्ष्मीमुक्ती म्हणजे काय?

१९८९च्या नोव्हेंबरात अमरावतीला महिला आघाडीचं पुढचं अधिवेशन झालं, आणि त्यातून हा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीनं बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर किंवा त्याहून जास्त घरांनी असं केलं, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. त्या गावात जोशी स्वतः जात आणि सभा होई.

नावात गंमत आहे. मुक्ती लक्ष्मीची, असं वरवर वाटतं. मांडणी मात्र अशी होती की घरच्या लक्ष्मीचं ऋण पुरुषाच्या डोक्यावर आहे आणि जमीन देऊन तो त्या ऋणातून मोकळा होतो. देण्याला दानाची नव्हे, कर्जफेडीची भाषा दिली. कर्जाच्या खाली पिचलेल्या शेतकऱ्याला ही भाषा लगेच कळली.

जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव यात कायम घेतलं जातं. तिथे सव्वाशेच्या आसपास घरांनी जमीन बायकांच्या नावे केली. पाठोपाठ अशी शेकडो गावं झाली. संघटनेचे लोक एकूण बायकांचा आकडा दोन लाखांच्या घरात सांगत. तो दावा आहे, सरकारी मोजणी नाही, हे लक्षात ठेवून वाचावा.

कायदा करून जमीन द्यायला लावली असती तर जास्त बायकांना नसती का मिळाली?

कदाचित मिळाली असती. पण कायद्याचा बडगा नको, हाच तर या चळवळीचा पाया. मालकाच्या हातातून सरकारनं काढून दुसऱ्याला द्यायचं, हे जमिनीच्या बाबतीत संघटनेला मान्य नव्हतं. मग बायकोच्या बाबतीत वेगळा न्याय कसा लावणार? म्हणून समजावणं, सभेत शब्द घेणं आणि गावाचा मान हीच हत्यारं उरली.

कायदाही पुढे हललाच. १९९४ साली महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. केंद्रानं तसं करायला २००५ उजाडलं. पण एक फरक राहतोच. कायद्यानं मुलीला बापाच्या घरात हिस्सा मिळाला. लक्ष्मीमुक्तीत बायकोला नवऱ्याच्या घरात, त्याच्या हयातीत, मिळत होता. बहुतेक बायका भावाशी नातं तुटू नये म्हणून माहेरच्या जमिनीवर हक्कसोडपत्र करून देतात, हे प्रत्येक तलाठ्याला ठाऊक आहे. त्यामुळे सासरच्या सातबाऱ्यावरचं नाव ही किरकोळ गोष्ट नाही.

जमीन नावावर झाली म्हणून घरात काही बदललं का? की नुसतं कागदावर?

दोन्ही. पुष्कळ घरांत पेरणीचा निर्णय, बाजार समितीतली पट्टी आणि सोसायटीचं कर्ज नवऱ्याच्याच हातात राहिलं. हे खोटं सांगून उपयोग नाही. पण नाव असलं की सोसायटीत सभासद होता येतं, नवरा परस्पर जमीन विकायला निघाला तर बाईच्या सहीशिवाय व्यवहार अडतो, आणि त्यानं दुसरं घर थाटायचं ठरवलं तर पायाखाली काहीतरी उरतं. विदर्भ-मराठवाड्यात नवऱ्याच्या आत्महत्येनंतर दीर-सासऱ्यांच्या दारात वारस नोंदीसाठी हेलपाटे घालणाऱ्या बायकांची अवस्था ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना 'नुसतं कागदावर' हा शब्द इतक्या सहज वापरता येणार नाही.

आजही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं का?

येतं. संघटनेच्या मोहिमेचंच नाव घेऊन महसूल विभागानं १५ सप्टेंबर १९९२ला एक परिपत्रक काढलं. लक्ष्मी मुक्ती योजना. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर त्याच्या नावावरच्या जमिनीला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, मग फेरफार होतो. सामाईक खातं असेल, जमीन वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल किंवा तिच्यावर कर्जाचा बोजा असेल, तर आधी तहसील कार्यालयात विचारून घ्यावं. कित्येक ठिकाणी खुद्द कार्यालयातच या परिपत्रकाची आठवण करून द्यावी लागते, म्हणून तारीख पाठ ठेवा.

सरकारला दूर ठेवणाऱ्या चळवळीचा कार्यक्रम शेवटी सरकारी परिपत्रकातून टिकला, यावर हसायचं की समाधान मानायचं, ते तुम्ही ठरवा.

बायकांच्या पॅनेलचं काय झालं?

चांदवडनंतर आघाडीनं जाहीर केलं की जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकांत सगळ्याच्या सगळ्या जागांवर बायका उभ्या करायच्या. तीस टक्के नाही, पन्नास नाही, शंभर. यासाठी इतर पक्ष-संघटनांतल्या बायकांना बरोबर घेऊन समग्र महिला आघाडीही उभी राहिली. आणि निवडणुका लांबत गेल्या. १९७९ साली झालेल्या जिल्हा परिषदांच्या निवडणुका थेट १९९२मध्ये पुन्हा झाल्या. बायकांना घाबरून त्या लांबवल्या, असं संघटनेचे लोक आजही म्हणतात. एवढंच एक कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण सत्तेतल्या पक्षांना ही लांबण गैरसोयीची नव्हती, हे नक्की.

दरम्यान ग्रामपंचायती होत्याच. १९८९च्या सुमारास काही गावांत बायकांची संपूर्ण पॅनेल उभी राहिली आणि निवडून आली. जळगावमधलं विटनेर, वर्ध्याकडचं येनोरा, यवतमाळमधलं मेटीखेडा ही त्यातली नावं. यांपैकी एकाही गावात सगळ्या जागा बायकांसाठी राखीव नव्हत्या, आणि हाच मुद्दा महत्त्वाचा. तेव्हा टक्केवारीनं जागा राखण्याचा कायदा आलाच नव्हता. १९९० साली राज्यानं स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखल्या, ७३वी घटनादुरुस्ती १९९२ची, आणि ५० टक्के झाले २०११मध्ये. या बायका त्याआधी खुल्या जागांवरूनही निवडून आल्या. त्यांच्या कारभाराचे विषयही ओळखीचेच होते. पाणी, संडास, शाळा, दारूचं दुकान.

दारूचं दुकान? स्वातंत्र्याच्या गोष्टी करणारी चळवळ दुकानं बंद कशी करते?

चोख प्रश्न. ज्याला प्यायचं त्यानं प्यावं, असं शुद्ध तत्त्व सांगतं. आघाडीनं मात्र गावातली दारूची दुकानं बंद करण्यासाठी आंदोलनं केली.

बचावात असं म्हणता येतं की दुकान खुल्या बाजारातून येत नाही, सरकारी परवान्यानं येतं, त्यातून महसूल सरकार गोळा करतं आणि मार बाई खाते. गावानं आपल्या वेशीत काय असावं ते ठरवणं ही सरकारची सक्ती नव्हे. हे अर्धं पटतं. उरलेलं अर्धं उत्तर साधं आहे. बैठकीत बायकांना बोलायला सांगितलं की दुसऱ्याच वाक्याला दारू निघायची, आणि ज्या संघटनेला बायका हव्यात तिला ते ऐकावंच लागतं.

हे जाळं चालायचं कसं? कार्यालय, वर्गणी, पदाधिकारी?

आज आपण ज्याला नेटवर्क म्हणतो, तसं काही नव्हतं. बिल्ला हीच ओळख. गावात बैठक, तालुक्याला मेळावा, आंबेठाणला शिबिर. 'शेतकरी संघटक' हे पाक्षिक, त्यात कोणी काय केलं ते छापून यायचं आणि एका जिल्ह्यातली गोष्ट दुसऱ्या जिल्ह्यात पोचायची. शिबिरात शेतीचं अर्थशास्त्र शिकवत, चर्चा करत, गाणी म्हणत. पुढारी बाई तयार व्हायची ती तिथे. आधी आपल्या गावाचं नाव सांगायला उभी राहायची, मग अनुभव सांगायची, आणि पुढच्या शिबिराला दुसऱ्या चौघींना घेऊन यायची.

वर्धा जिल्ह्यातल्या सरोज काशीकर या याच मुशीतल्या. १९९०च्या निवडणुकीत संघटनेचे जे मोजके लोक जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेत पोचले, त्यांत त्या होत्या.

या रचनेचं बळ आणि तिची कमजोरी एकच. बाईला बैठकीला यायची मुभा मिळायची, कारण नवरा आधीच संघटनेत असायचा. ओळखीचा बिल्ला, ओळखीचे भाऊ, ओळखीचे 'शरदभाऊ'. त्यामुळे लाखो बायका घराबाहेर आल्या. पण नवऱ्यानं पक्ष बदलला की बाईचीही वाट बंद व्हायची.

शरद जोशींनी महिला आरक्षण विधेयकाला विरोध केला होता, हे खरं आहे?

खरं आहे. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत विधेयक १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं. तो एक म्हणजे शरद जोशी.

ज्यांना चांदवड माहीत नाही ते यावरून त्यांना स्त्रीविरोधी ठरवतात. ज्यांना माहीत आहे ते गोंधळात पडतात. त्यांचा मुख्य आक्षेप फिरत्या आरक्षणावर होता. बायकांसाठी राखीव ठेवायचे एक तृतीयांश मतदारसंघ दर निवडणुकीत बदलणार. यंदा राखीव म्हणून निवडून आलेल्या बाईला पुढच्या वेळी तो मतदारसंघ मिळेल याची खात्री नाही, आणि खुल्या जागेवरच्या पुरुषालाही नाही. मग मतदारसंघ बांधायचा कोणी आणि कशासाठी?

ज्यांनी आरक्षण सोडतीच्या दिवशी तहसीलसमोर उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांचे चेहरे पाहिले आहेत, त्यांना हा मुद्दा लगेच कळेल. पाच वर्षं राबलेल्या सरपंच बाईचा प्रभाग फिरतो आणि ती घरी बसते. पुढच्या सोडतीत दुसरीच्या नावावर तिचा नवरा कारभार करतो. सरपंचपती हा शब्द मराठीत उगाच आला नाही.

दिल्लीच्या 'मानुषी' या नियतकालिकाच्या संपादक मधु किश्वर यांनीही त्याआधीच पर्यायी मसुदा मांडला होता. जागा राखण्याऐवजी पक्षांनाच एक तृतीयांश तिकिटं बायकांना द्यायला बांधून घ्यावं, असा. किश्वर चांदवडच्या वेळेपासून संघटनेच्या संपर्कात होत्या, लक्ष्मीमुक्तीवर त्यांनी लिहिलं होतं, तेव्हा या दोन भूमिका शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

माझं मत विचाराल तर आक्षेप बरोबर होता, मत देण्याची रीत चुकली. त्या दिवशी इतिहासात १ हा आकडा नोंदला गेला आणि त्यामागचं भाषण कोणी वाचलं नाही. बरं, ज्या गावांत संघटनेच्या बायका पोचल्या नव्हत्या, त्या हजारो गावांत राखीव जागेशिवाय बाई पंचायतीची पायरी चढली असती का, याचं उत्तर त्या आक्षेपात नाही. २०२३मध्ये नवं विधेयक आलं तेव्हा जोशी हयात नव्हते. १२ डिसेंबर २०१५ला ते गेले.

ज्यांना जमीनच नाही त्यांचं काय?

लक्ष्मीमुक्तीवरची ही सर्वांत मोठी टीका, आणि तिला पुरं उत्तर नाही. ज्याच्याकडे सातबारा आहे तोच बायकोला काही देऊ शकतो. मजुरीवर जाणाऱ्या दलित, आदिवासी, भूमिहीन घरातल्या बाईला या कार्यक्रमात जागा नव्हती. शेतीमालाला भाव मिळाला की मजुरी आपोआप वाढेल, असं संघटना सांगे. 'आपोआप' या शब्दावर मजूर बाईनं किती विसंबावं?

डाव्या विचाराच्या गेल ऑम्व्हेट या टीकेनिशी संघटनेकडे आल्या होत्या. अमेरिकेत जन्मलेल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सून झालेल्या. चांदवडच्या आसपास त्यांचं मत पालटत गेलं आणि शेतकरी बायकांच्या या हालचालीला त्यांनी अभ्यासकांच्या जगात नेऊन पोचवलं. त्यांच्या जुन्या साथींना ते अखेरपर्यंत रुचलं नाही.

सीताशेती हा काय प्रकार?

१९९१च्या नोव्हेंबरात शेगावला जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. बाईच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर तिनं तिच्या पद्धतीनं, बाहेरचा खर्च न करता पिकवावं, ही सीताशेती. पिकलेल्यावर घरातच प्रक्रिया करावी, ही माजघर शेती. पापड-कुरडया करणाऱ्या बाईला उद्योजक म्हणण्याची ही सुरुवात होती. नाव सीतेचंच, कारण नवऱ्यानं टाकल्यावर ती जमिनीच्याच आधाराला गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीला सीतेचं देऊळ आहे, त्यात राम नाही. त्याचा जीर्णोद्धार जोशींनी पुढाकार घेऊन केला.

अमेरिकेतल्या स्वतंत्रतावादी बायकांचं जाळं कसं आहे?

तिथे सुरुवातच बायकांनी केली असं म्हणतात. १९४३ या एका वर्षात इझाबेल पॅटरसन, रोझ वाइल्डर लेन आणि आयन रँड या तिघींची पुस्तकं आली, आणि त्या चळवळीचे बरेचसे लोक आपली वंशावळ तिथून मोजतात.

पुढची गोष्ट जास्त मजेदार आहे. १९७२ साली नव्या लिबर्टेरियन पक्षानं उपाध्यक्षपदासाठी टोनी नेथन यांना उभं केलं. पक्षाला देशभरात चार हजारसुद्धा मतं पडली नाहीत. पण व्हर्जिनियातले रॉजर मॅकब्राइड नावाचे एक निर्वाचक (राज्याच्या वतीनं अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडायला मत देणारे), खरे निक्सनच्या पक्षाचे, त्यांनी आपलं मत फिरवून नेथन यांच्या पारड्यात टाकलं. निर्वाचक मत मिळवणारी अमेरिकेच्या इतिहासातली पहिली बाई ती ठरली. हे मॅकब्राइड म्हणजे रोझ वाइल्डर लेन यांनी मानलेला नातू आणि त्यांचा वारस. दुसऱ्याच वर्षी, १९७३मध्ये, नेथन यांनी स्वतंत्रतावादी स्त्रीवाद्यांची संघटना काढली.

आत्ताच्या काळात २००९ साली सुरू झालेली लेडीज ऑफ लिबर्टी अलायन्स ठळक आहे. शहरोशहरी शाखा, अमेरिकेबाहेरही शाखा, दर महिन्याच्या गप्पा, सार्वजनिक ठिकाणी बोलायचं आणि नेतृत्व करायचं प्रशिक्षण. २०२०मध्ये जो जॉर्गेन्सन या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या आणि त्यांना १८ लाखांवर मतं पडली.

मग दोन्हींत फरक काय?

तिकडची अडचण अशी की शंभर जणांच्या खोलीत चार बायका असतात. त्या चौघींनी एकमेकींना सोडू नये, बोलायला शिकावं, पुढे यावं, यासाठी ते जाळं आहे. चांदवडला खोली भरायची अडचणच नव्हती. तिथे प्रश्न होता घरी परतल्यावर काय, याचा. म्हणून तिकडच्या बायका व्यासपीठ मागत होत्या आणि इकडच्या बायका सातबारा.

आघाडीतून पुढे मोठ्या नेत्या का टिकल्या नाहीत?

काही टिकल्या, पण चांदवडची गर्दी पाहता फारच थोड्या. एक तर सगळी संघटना एका माणसाभोवती फिरत होती. त्याची प्रकृती, त्याची राजकीय वळणं, २००४ ते २०१०ची राज्यसभा, यांनी जे पुरुष कार्यकर्त्यांचं झालं तेच बायकांचंही झालं. फाटाफूट झाली तेव्हा कोण कोणाबरोबर, हे घरातल्या पुरुषांनी ठरवलं. दुसरं, आरक्षण आल्यावर प्रत्येक पक्षाला उमेदवार बायका हव्याच होत्या. शिबिरात बोलायला शिकलेली, लोकांत वावरलेली बाई तयार मिळत होती. आघाडीनं घडवलेल्या कितीतरी जणी अशा दुसऱ्याच झेंड्यांखाली सरपंच आणि सभापती झाल्या. हा तोटा की फायदा, यावर जुन्या कार्यकर्त्यांत अजूनही वाद होतो.

आमच्या गावात असं काही सुरू करायचं तर पहिलं पाऊल काय?

गावातले खातेदार मोजा आणि त्यांत बायका किती ते पाहा. आठ-अचे उतारे ऑनलाइन मिळतात. विधवांची नावं वेगळी काढा, कारण ती नावं वारसानं लागलेली असतात, कोणी दिलेली नसतात. उरलेला आकडा घेऊन दहा घरांत जा. बैठक बायकांची लावा, पण अर्जावर सही नवऱ्याची लागते, तेव्हा त्यांनाही बोलवा. आणि बैठक कांदा काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवू नका, कोणी येणार नाही.